पोफळ मोडल्याचा आवाज

“इथे सूर नकोय मला. थोडं घाण वाजवलंत तरी चालेल.”

टॉकबॅकचं, म्हणजे काचेपलीकडे आवाज पोचवायचं, बटण दाबून मी हे बोलले आणि काचेपलीकडचे बाराही जण गप्प झाले. सहा व्हायोलिन, दोन व्हायोला, तीन चेलो, एक डबल बेस. पहिल्या डेस्कवरच्या अंकलनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं, बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, स्टँडला टेकवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मूळचे गोव्याचे, वयाच्या नवव्या वर्षापासून हातात व्हायोलिन, मुंबईत चाळीस वर्षं रेकॉर्डिंग. सगळा जन्म आवाज स्वच्छ लागावा म्हणून घासलेला माणूस, आणि त्यांना मी घाण वाजवायला सांगत होते. ते वाक्य मला आजही बोचतं.

काम होतं एका माहितीपटाच्या पार्श्वसंगीताचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. नारळी-पोफळीच्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या एका दुपारीत झोपल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे त्या दुपारचा हिशोब तिथे अजून चालू आहे. माहितीपट या वाडीवाल्यांचा होता आणि त्याच्या मधोमध नऊ मिनिटांचा एक तुकडा होता, फक्त वादळाचा. चित्रं होती: लोकांनी खिडकीच्या फटीतून, माडीवरून मोबाइलवर घेतलेली. आवाज नव्हता. म्हणजे होता, पण एवढ्या वाऱ्यात मोबाइलचा माइक फाटतो, नुसती फडफड ऐकू येते. दिग्दर्शिकेचं म्हणणं पक्कं होतं. आवाजांच्या संग्रहातला विकतचा वारा नको. कुठल्या तरी परदेशी पाइनच्या जंगलातून वाहिलेला वारा पोफळीच्या वाडीत सोडायचा नाही.

मी तंतुवाद्यं सुचवली. माझ्या डोक्यातलं कारण सरळ होतं. व्हायोलिन काय, चेलो काय, मुळात आहे काय त्यात? ताणलेल्या तारा, पोकळ लाकूड आणि घोड्याच्या शेपटीचे केस. त्या दुपारी जे जे घासलं, ताणलं, पिळलं आणि मोडलं, ते सगळं या वाद्यात आधीपासून बसलेलं आहे. ते बाहेर काढायचं, एवढंच.

एवढंच, असं मला वाटत होतं. दोन महिने मी पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीचं १९६० च्या सुमाराचं ‘थ्रेनडी’ ऐकत होते. ५२ तंतुवाद्यं, ताल मोजायचा नाही, सेकंद मोजायचे, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) पलीकडच्या तारांवर बो फिरवायचा, वाद्याच्या अंगावर थाप मारायची. त्या रचनेचं मूळ नाव नुसता तिचा वेळ होता, ८ मिनिटं ३७ सेकंद. ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’ हे नाव नंतर आलं. त्या स्वरलिपीतले काळे त्रिकोण, जाड पट्टे, नागमोडी रेषा मी माझ्या कागदावर उतरवल्या. सुरुवातीला दोन पानांची सूची जोडली, कुठल्या खुणेचा अर्थ काय. सगळ्या संज्ञा इटालियन. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी पीडीएफ पाठवली आणि अंधेरीतल्या स्टुडिओत चार तासांची शिफ्ट लावली.

चार तासांत कामाचे ४० सेकंद मिळाले.

मुंबईचे वादक कागद समोर आला की वाजवतात. आधी न पाहिलेलं पान पहिल्या टेकला बिनचूक, ही त्यांची कमाई आहे आणि त्यावर त्यांचं घर चालतं. माझ्या कागदाने नेमकी तीच ताकद काढून घेतली. दर दोन मात्रांना ते पानं उलटून सूचीत बघत होते. चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस विद्यार्थ्यासारखा बोट ठेवून वाचतो आहे, हे काचेतून बघताना मला कळत होतं की काहीतरी मुळातच चुकलं आहे, पण घड्याळ चालू होतं आणि मी घाई करत राहिले. मग ‘कोल लेन्यो’ आलं. बो उलटा करून केसांऐवजी काडीने तारेवर मारायचं. मी मागितलेला जोर ऐकून व्हायोलावाल्या ताईंनी बो डब्यात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, हा बो माझ्या व्हायोलापेक्षा महाग आहे.” आणि त्यानंतर माझं ते वाक्य.

पॅकअपनंतर खाली चहाच्या टपरीवर अंकल माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, “बेटा, तुला आवाज कसा पाहिजे ते तू सांगितलंच नाहीस. हात कुठे ठेवायचा ते सांगत बसलीस. हाताचं आम्ही बघतो ना. तू आवाज सांग.” आणि रविवारी वसईला घरी ये म्हणाले.

त्या रविवारी मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दोन महिन्यांत शिकले नव्हते.

त्यांनी आधी मला बो हातात दिला. माझ्या हातात यापूर्वीही बो आलेला होता, पण असा बघितला नव्हता. ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाची काडी, गुळाच्या काकवीच्या रंगाची, इतकी हलकी की दोन बोटांवर ठेवली तर ती स्वतःच तोल शोधते. हे झाड आता इतकं कमी झालंय की २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. अंकलचा बो त्यांच्या गुरूंनी दिलेला. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून टोकाजवळची एक केसाएवढी रेघ दाखवली. “होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं ‘मार्स’ वाजवलं होतं तेव्हाची. सुरुवातीलाच सगळा सेक्शन काडीने ठोकतो, पाच मात्रांचा. मी तरुण होतो, जोरात ठोकलं.” तेव्हापासून काडीने मारायचं असेल तर ते दुसरा, साधा बो घेऊन जातात. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३० साली एका सिंफनीच्या शेवटच्या भागात हेच मागितलं होतं. म्हणजे मी मागितलेली गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांची जुनी होती. वादकांना ती नवीन नव्हती आणि वर्ज्यही नव्हती. कुणाच्या बोने, किती जोराने आणि कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं.

मग मी मोबाइल काढला आणि त्यांना वादळाचे तुकडे दाखवले. कागद काढलाच नाही. आवाज बंद करून दाखवले आणि तोंडाने सांगत गेले: इथे बांबूचं बेट आहे, बांबू एकमेकांवर घासताहेत. इथे पत्रा उचलला जातोय, अजून उडालेला नाही. इथे पोफळ वाकते, वाकते आणि मधोमध मोडते.

“बांबू ना? थांब.”

त्यांनी जुना बो घेतला, केस थोडे सैल केले आणि ‘जी’ (G) तारेवर दाबून इतका हळू ओढला की बो हलतोय हे डोळ्यांना दिसेना. आधी एक कर्र, मग थांबा, मग दोन कर्र लागोपाठ, मग खोलवरून एक कण्हणं. मावळतीला बांबूच्या बेटाजवळून गेलेल्या कुणालाही ओळखू यावं असं. माझ्या अंगावर काटा आला.

याच्यामागची गंमत त्यांनी तारेवर बोट ठेवून समजावली. बोचे केस रोझिनमुळे, म्हणजे त्यांना चोळलेल्या राळेमुळे, तारेला चिकटतात, तिला ओढून नेतात, मग ती सुटून मागे जाते, पुन्हा चिकटते. ‘ए’ (A) तार मोकळी वाजवली की हे सेकंदाला ४४० वेळा होतं, न चुकता, म्हणून आपल्याला सूर ऐकू येतो. दाब वाढवला आणि वेग कमी केला की तारेला सुटायला उशीर होतो, सुटण्यातला नेम जातो. मग सूर तुटतो आणि त्याचे दाणे ऐकू येतात. बांबूचंही तेच आहे, चिकटणं आणि सुटणं, फक्त त्याला रोझिन नाही. या वाद्याने बांबूची नक्कल करायची गरजच नाही, दोघांच्या पोटात एकच क्रिया आहे, हे कळल्यावर माझी त्या आवाजांकडे बघायची नजर बदलली. ‘घाण’ हा शब्द मी त्या दिवसापासून वापरलेला नाही.

वाऱ्यासाठी मी कागदावर घोडीजवळ वाजवा असं लिहिलं होतं. त्याने आवाज काचेसारखा होतो, मूळ सूर पातळ आणि वरचे स्वर चमकणारे. सिनेमात भीती दाखवायला हा आवाज इतका वापरलाय की ऐकणारा लगेच ‘आता कुणीतरी येणार’ अशा तयारीत बसतो. अंकलनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. डावा तळवा सगळ्या तारांवर अलगद ठेवला, दाबला नाही, आणि बो हलका फिरवला. नुसती हवा. मग बो थेट घोडीच्या लाकडावर ठेवला, तारेला न लावता, आणि ओढला. श्श… पण त्याच्या आत लाकूड होतं. हा वारा कुठून तरी, कशातून तरी वाहत होता.

पत्र्याचा प्रश्न मात्र आमच्या दोघांच्या हातचा नव्हता, त्याला डबल बेस लागणार होता. तिथे मला १६७३ चा बिबर हा संगीतकार आठवला. साल्झबुर्गला असताना त्याने लढाईवर एक रचना केली, तिच्यात सैन्याचा ढोल वाजवायला बेसच्या तारांमध्ये कागद घालायला सांगितलंय. हे मी अंकलना सांगितलं तर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बायकोचा तानपुरा घेऊन आले. काकू हिंदुस्थानी गातात. अंकलनी घोडीवरचा जवारीचा दोरा बोटाने किंचित सरकवला. सपाट असलेली तार एकदम मधमाश्यांसारखी गुणगुणायला लागली. “हे काय आहे मग? तुमचा कागद आणि आमचा दोरा.” माझ्या आजोळी देवघराशेजारी तानपुरा असायचा. सरळ सुरात थरथर मिसळली की सूर जिवंत होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तीच गोष्ट मी वादकांपुढे परकी करून मांडली होती.

निघताना ते म्हणाले, “सिनेमात आम्ही घोडा खिंकाळवलाय, दार करकरवलंय, आगगाडी थांबवलीय. तेव्हा कुणी इटालियन नावं सांगितली नव्हती. म्युझिक डायरेक्टर तोंडाने करून दाखवायचा.”

मी सगळा कागद नव्याने लिहिला. खुणा कमी केल्या, वीसवरून सहावर आणल्या. सूची काढून टाकली आणि जिथली सूचना तिथेच, तारेच्या ओळीवर, साध्या मराठी-इंग्रजीत लिहिली: ‘बांबू. जी तार, फार हळू, भरपूर दाब. कर्र थांबलं तर थांबू दे.’ मात्रा काढून वर सेकंदांची पट्टी टाकली. अंकलच्या डेस्कवर बसून एकेक आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि कागदासोबत सगळ्यांना पाठवला. वाजवायला सहा साधे बो विकत आणले. व्हायोलाने व्हायोलिनचा बो चालवून घेतला, चेलोवाल्यांनी आपापले जुने आणले. निर्मात्याला मी आधीच सांगून टाकलं की ही शिफ्ट मोठी लागेल आणि केस तुटले तर बो पुन्हा भरून द्यायचा खर्च आपला. ही गोष्ट वादकांना रेकॉर्डिंगच्या आधी कळणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताचा आवाज माइकमध्ये लगेच येतो.

दुसऱ्या शिफ्टला मी काचेआड बसले नाही. वादकांच्या मधोमध स्टूल घेऊन बसले. वाजवायच्या आधी सगळ्यांना वादळाचे तुकडे दाखवले. दुसऱ्या चेलोवरचा मुलगा, सगळ्यात लहान, पुढे वाकून बघत होता. “माझ्या मामाची वाडी दिवेआगरला होती,” तो म्हणाला. कुणीच काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, “मॅडम, वारा असा सलग नव्हता. मामा सांगतो, घोट घोट यायचा. मध्ये थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची.”

मी सलग ५० सेकंदांचा वारा लिहिला होता. तिथेच पेन्सिलीने खोडला आणि त्याला म्हटलं, तू सांग. त्याने तोंडाने करून दाखवलं. आठ सेकंद, थांबा. तीन सेकंद, थांबा. मग लांब. अंकलनी मान डोलावली आणि व्हायोलिनच्या सेक्शनला सांगितलं, “घोट मोठा करा, शेवटी तोडू नका, गिळा.” पहिला टेक आणि तोच ठेवला.

क्रम आम्ही विचार करून लावला होता. आधी हवेसारखे हलके आवाज, कारण तेव्हा हात ताजे असतात आणि स्टुडिओ शांत. हे आवाज इतके बारीक आहेत की माइक वाद्यापासून वीतभर अंतरावर आणावा लागतो, मग खुर्चीची करकर आणि श्वासही येतो. एकाचा श्वास आम्ही ठेवला. मग काडीचे ठोके, कौलांवर फांद्या आपटतात तसे, प्रत्येकाने आपापल्या वेगाने, एकत्र नाही. इथे एक वेगळीच अडचण आली. हे लोक आयुष्यभर एकत्र वाजवत आलेत. तीन टेकपर्यंत त्यांचे ठोके नकळत एका तालात यायचे. शेवटी प्रत्येकाला शेजाऱ्याकडे पाठ करून बसवलं. बांबूचा दाब सगळ्यांत शेवटी, कारण त्याने रोझिनची पांढरी पूड तारांवर साचते, केस गळतात आणि त्यानंतर स्वच्छ सूर मागणं अन्याय आहे.

डबल बेसवाल्या दादांनी कागद आणला नव्हता. त्यांनी स्टुडिओतल्या नाश्त्याच्या पुड्याचा मेणकागद फाडून तारांत विणला, वरून-खालून-वरून, आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या लांब पट्टीच्या, टोकाला सरकवला. खालच्या तारेवर बो लावताच जमिनीतून पत्रा थरथरला. त्यांनी तो कागद दोन बोटं वर नेला, आवाज बारीक झाला. एक बोट खाली, पुन्हा जाड. दहा मिनिटं ते त्या कागदाशी बोलत होते आणि आम्ही बाकीचे नुसते ऐकत होतो. त्यांच्या पार्टवर मी लिहिलेली पूर्ण ओळ त्यांनी खोडली आणि शेजारी एकच शब्द लिहिला: पत्रा.

एक गोष्ट मी काढून टाकली. चेलोवर बोटांचं अंतर न बदलता वरून खाली घसरलं की सीगल हा समुद्रपक्षी ओरडल्यासारखा आवाज येतो. अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बने १९७१ साली तो वापरलाय आणि तेव्हापासून सगळ्यांना मोह होतो. मलाही झाला. वादळानंतरच्या शांततेत तो मी घातला होता, तिन्ही चेलोवाल्यांनी तो सुरेख वाजवला, सगळे खूश. पण माहितीपटातल्या त्या सकाळी पक्षीच नव्हते. तिथल्या बायका तेच परत परत सांगतात, की एक पाखरू नव्हतं. सुंदर आवाज होता, पण तो तिथला नव्हता.

आणि पोफळ. तार चिमटीत धरून इतकी ओढायची की सोडल्यावर ती फिंगरबोर्डवर सणकन आपटली पाहिजे. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या नावाने ओळखतात ती पद्धत. बारा जणांनी एकदम, एकच फटका. त्यासाठी आम्ही सात टेक घेतले. शेवटच्या टेकला व्हायोलावाल्या ताईंची तार तुटली आणि त्या तुटण्याचाही आवाज त्यात आला. मी दिलगिरीने उठले, तर त्या म्हणाल्या, “राहू दे. हाच ठेव.”

रात्री चेलोवाल्या मुलाने विचारलं, कच्चं रेकॉर्डिंग मामाला पाठवू का? दिग्दर्शिकेची परवानगी घेऊन मी पाठवलं. दोन दिवसांनी त्याने मामाचा निरोप पाठवला. वारा बरोबर आहे. पत्रा बरोबर आहे. पण पोफळ अशी एकदम मोडत नाही. आधी आतून बारीक तडतड होते, सुकं गवत चुरगळल्यासारखी, आणि ती ऐकू आली की माणसाला पळायला तेवढाच वेळ मिळतो. मग कडाका. मग बऱ्याच वेळाने वरचा शेंडा जमिनीवर पडल्याचा आवाज, तो वेगळा.

मिक्सिंगला चार दिवस होते. मी अंकलना फोन लावला आणि म्हटलं, सुकं गवत चुरगळल्याचा आवाज हवाय. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग बो उचलल्याचा आवाज आला. “फोन टेबलावर ठेवतो हां,” ते म्हणाले. “आता ऐक. हे आहे का?”